लाल झाकणाखालचे बटण: क्लास डी सागरी रेडिओच्या संकटसंदेश यंत्रणेचे परीक्षण

आमच्या नौकेवर अलीकडेच बसवलेला २५ वॅटचा, क्लास डी (लहान नौकांसाठीच्या) दर्जाचा आणि अंगातच जीपीएस असलेला व्हीएचएफ (अतिउच्च वारंवारतेचा) रेडिओ हा या परीक्षणाचा विषय आहे. संच एका जुन्या आणि जाणत्या कंपनीचा आहे. कंपनीचे आणि मॉडेलचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण नावापेक्षा तपासायच्या बाबी वाचकाच्या लक्षात राहाव्यात अशी माझी इच्छा आहे आणि या वर्गातला कोणताही संच विकत घेताना त्या तपासाव्याच लागतात. आवाज स्वच्छ आहे, पडद्यावरची अक्षरे भर उन्हात वाचता येतात, मायक्रोफोन हातात नीट बसतो आणि ओल्या हातानेही बटणे दाबता येतात; या अंगांविषयी एवढे पुरे. मला सविस्तर लिहायचे आहे ते पुढच्या बाजूला लाल झाकणाखाली असलेल्या संकटाच्या बटणाविषयी आणि ते बटण वेळेला कामी यावे म्हणून आधी कराव्या लागणाऱ्या जुळणीविषयी. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. संच चांगला आहे आणि त्याची संकटसंदेश यंत्रणा भरवशाची आहे. मात्र खोक्यातून काढून वीज आणि अँटेना जोडल्यावर ते बटण अजून निरुपयोगीच असते आणि ही गंभीर बाब संच पुरेशा ठळकपणे सांगत नाही.

या बटणामागच्या व्यवस्थेला डिजिटल सिलेक्टिव्ह कॉलिंग, म्हणजेच डीएससी म्हणतात. तिची गरज का पडली हे समजून घेतले तर पुढच्या जुळणीतील प्रत्येक पायरीचे महत्त्व आपोआप पटते. केवळ आवाजावर चालणाऱ्या रेडिओची मोठी अडचण अशी की पलीकडे कोणीतरी जागे असावे लागते आणि नेमके त्याच वेळी कान देऊन ऐकत असावे लागते. १९१२ मध्ये टायटॅनिक हिमनगावर आदळली तेव्हा जवळच थांबलेल्या कॅलिफोर्नियन या जहाजावरचा एकमेव रेडिओ ऑपरेटर काही वेळापूर्वीच काम संपवून झोपायला गेला होता आणि त्यामुळे संकटाच्या हाका त्या जहाजाने ऐकल्याच नाहीत. पुढे जहाजांवर रेडिओचा अखंड पहारा सक्तीचा झाला. तो पहारा माणसाच्या कानावरून यंत्राकडे सोपवण्याचे काम जीएमडीएसएस या जागतिक सागरी संकट व सुरक्षा व्यवस्थेने केले, जी १ फेब्रुवारी १९९९ पासून पूर्णपणे लागू झाली.

व्हीएचएफवर या पहाऱ्यासाठी चॅनल ७०, म्हणजे १५६.५२५ मेगाहर्ट्झ ही वारंवारता राखून ठेवलेली आहे. तिच्यावर बोलायचे नसते. तिच्यावर केवळ अंकी संदेश धावतात. क्लास डी संचात चॅनल ७० ऐकण्यासाठी स्वतंत्र रिसीव्हर असतो, त्यामुळे आपण दुसऱ्या कोणत्याही चॅनलवर दुसऱ्याचे बोलणे ऐकत असलो तरी पहारा चालू राहतो. संकटाचा संदेश सेकंदाला १२०० बिट या वेगाने जातो आणि साधारण अर्ध्या सेकंदात संपतो. त्यातले प्रत्येक चिन्ह दोनदा पाठवले जाते, म्हणून खरखरीत आवाजात बोललेले शब्द कळणार नाहीत अशा अंतरावरूनही तो अनेकदा धडपणे पोहोचतो, आणि पोहोचला की टप्प्यातल्या प्रत्येक डीएससी संचावर कर्कश गजर वाजतो. त्या अर्ध्या सेकंदात नौकेचा नऊ अंकी ओळख क्रमांक, संकटाचा प्रकार, अक्षांश-रेखांश, ते ज्या वेळचे आहेत ती जागतिक प्रमाणवेळ आणि पुढचे बोलणे कोणत्या पद्धतीने होणार ही माहिती जाते. यातले पहिले अंग आपण स्वतः भरून ठेवायचे असते आणि स्थान संचाला सतत मिळत राहील अशी सोय आपणच करायची असते. जुळणी म्हणतात ती हीच.

ओळख क्रमांकाला एमएमएसआय म्हणतात. नौकेच्या क्रमांकातील पहिले तीन अंक तिची नोंदणी कोणत्या देशाची आहे हे सांगतात. सुरुवातीला दोन शून्ये असली तर तो किनाऱ्यावरच्या केंद्राचा क्रमांक असतो आणि एकच शून्य असले तर नौकांच्या गटाचा. हा क्रमांक संचासोबत येत नाही. आपापल्या देशात रेडिओचा परवाना देणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे अर्ज करून तो मिळवावा लागतो आणि मग संचात भरावा लागतो. तो भरलेला नसेल तर डीएससीचा सगळा विभाग कुलूपबंद राहतो. लाल झाकण उचलून बटण कितीही वेळ दाबून धरले तरी संदेश बाहेर पडत नाही.

आमच्या संचात क्रमांक भरण्याची रीत अशी आहे. क्रमांक नसताना संच सुरू केला की पडद्यावर एक छोटी सूचना येते आणि कोणतेही बटण दाबले की ती निघून जाते. मेनूत जाऊन क्रमांकाचे पान उघडले की नऊ आडव्या रेघा दिसतात. गोल खटका फिरवून अंक निवडायचा, दाबून पक्का करायचा, पुढच्या रेघेवर जायचे. नऊ अंक पुरे झाले की संच ते पुसून पुन्हा भरायला सांगतो आणि दोन्ही वेळचे अंक जुळले तरच स्वीकारतो. ही दुहेरी खातरजमा मला अतिशय योग्य वाटली, कारण एकदा स्वीकारलेला क्रमांक वापरणाऱ्याला बदलता येत नाही. चुकला तर संच विक्रेत्याकडे किंवा कंपनीकडे पाठवावा लागतो. ही अट त्रासदायक वाटली तरी आवश्यक आहे. ओळख क्रमांक कोणालाही हवा तेव्हा बदलता आला असता तर संकटात कोण आहे यावर किनाऱ्याने विश्वास कसा ठेवावा? माझा आक्षेप अटीवर नाही, ती सांगण्याच्या पद्धतीवर आहे. क्रमांक एकदाच भरता येतो ही बाब पुस्तिकेत चौकटीत छापलेली आहे, पण पडद्यावर ती दुसऱ्यांदा अंक भरून झाल्यावर, शेवटच्या होकाराच्या वेळी येते. ती पहिल्या रेघेच्या आधी यायला हवी होती. क्रमांक कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून समोर ठेवावा, एकाने वाचावा आणि दुसऱ्याने भरावा, असे मी सुचवीन.

जुनी नौका किंवा जुना संच विकत घेणाऱ्यांनी येथे विशेष सावध राहावे. संचात आधीच्या मालकाचा क्रमांक असेल तर बटण चालेल, गजरही वाजेल, पण शोधपथकाच्या हाती माहिती पडेल ती भलत्याच नौकेची. क्रमांकाचा खरा उपयोग त्याच्यामागे असलेल्या नोंदीमुळे होतो: नौकेचे नाव, रंग, लांबी, तिच्यावर साधारण किती माणसे असतात आणि किनाऱ्यावर कोणाला फोन करायचा. फोन लागला आणि पलीकडच्याने नौका खरोखरच समुद्रात गेल्याचे सांगितले तर शोधाची दिशा फार लवकर ठरते. म्हणून घर, फोन किंवा नौकेचा रंग बदलला की ही नोंदही बदलावी. संच ही आठवण करून देऊ शकत नाही, ती आपणच ठेवायची आहे.

दुसरे अंग स्थानाचे, आणि या बाबतीत आमच्या संचाला मी मोकळेपणाने दाद देतो. जीपीएसचा रिसीव्हर आतच असल्यामुळे बाहेरून एकही तार न जोडता पहिल्या दिवशीच पडद्यावर अक्षांश-रेखांश दिसू लागले. फायबरच्या छताखाली त्याला अडचण येत नाही. पोलादी किंवा ॲल्युमिनियमच्या केबिनमध्ये मात्र आकाश झाकले जाते आणि आतला रिसीव्हर आंधळा होतो. अशा नौकेवर बाहेर लावायचा वेगळा जीपीएस रिसीव्हर घ्यावा किंवा नकाशायंत्राकडून स्थान आणावे. बाहेरून स्थान आणायचे असेल तर एनएमईए ०१८३ या, नौकेवरची यंत्रे एकमेकांशी जोडण्याच्या मानक पद्धतीच्या तारांनी जोडणी होते. नकाशायंत्राची पाठवणारी तार रेडिओच्या घेणाऱ्या तारेला जोडायची आणि दोन्हीकडचा माहितीचा वेग सेकंदाला ४८०० बिटवर ठेवायचा. कंपनीगणिक तारांचे रंग वेगळे असतात, त्यामुळे रंग जुळवून जोडणी करण्याचा मोह टाळावा आणि दोन्ही पुस्तिका शेजारी उघडून ठेवाव्यात. एआयएससाठी (आसपासच्या नौकांची ओळख व स्थान दाखवणाऱ्या यंत्रणेसाठी) यंत्राचा तोच मार्ग ३८४०० वेगावर ठेवलेला असेल तर रेडिओला काहीच कळत नाही आणि स्थानाची जागा रिकामी राहते. जोडणी बरोबर असूनही स्थान येत नाही अशी तक्रार ऐकली की मी आधी हा वेग आणि मग आरएमसी हे स्थान आणि वेळ सांगणारे वाक्य नकाशायंत्रातून बाहेर पडते आहे की नाही, हे पाहायला सांगतो.

उपग्रहाचा संपर्क तुटल्यावर संच काय करतो, हे दुकानात कोणी दाखवत नाही, पण तेच नीट पाहायला हवे. आमच्या संचात थोड्या वेळाने अंकांशेजारी प्रश्नचिन्हे लुकलुकू लागतात. शेवटचे स्थान चार तासांपेक्षा जुने झाले की गजरासह सूचना येते. साडेतेवीस तास उलटले की स्थान पुसले जाते आणि त्यानंतर बटण दाबले तर संदेश स्थानाविनाच जातो. हाताने भरलेल्या स्थानालाही हीच मुदत लागू आहे. ही रचना विचारपूर्वक केलेली आहे, कारण कालचे स्थान आजचे म्हणून पाठवले तर मदत भलत्याच पाण्यात शोधत बसेल. हाताने स्थान भरण्याचे पान मात्र मेनूच्या चौथ्या पातळीवर दडवलेले आहे. जीपीएस बंद पडलेले असताना, नौका हेलकावत असताना, एका हाताने आधार धरून तिथवर पोहोचायचे म्हणजे काय, याचा विचार रचना करणाऱ्याने केलेला दिसत नाही. ते पान डीएससीच्या पहिल्या पडद्यावरून उघडायला हवे.

आणखी एक तपशील पुस्तिकेत नाही, पण तो जाणून घेण्यासारखा आहे. डीएससीच्या मूळ संदेशात स्थान अंश आणि पूर्ण मिनिटे एवढेच जाते. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल. मिनिटांचे दशांश पाठवणारी विस्तारित पुरवणी असते, परंतु ऐकणाऱ्या प्रत्येक संचाला ती वाचता येईलच असे नाही. म्हणून पुढे आवाजी संदेशात स्थान सांगताना पडद्यावरचे दशांशही वाचून दाखवावेत. पाण्यात एखादे डोके शोधणाऱ्याला एक मैलाचा चौकोन आणि शंभर मीटरचा चौकोन यांत किती फरक पडतो, हे लाटांमधून कधी काही शोधले असेल त्याला वेगळे सांगायला नको.

वीज आणि अँटेना ही अंगे परीक्षणांत सहसा दुर्लक्षित राहतात. व्हीएचएफच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, म्हणून टप्पा वॅटपेक्षा उंचीवर अवलंबून असतो. अँटेनाची पाण्यापासूनची उंची मीटरमध्ये घेऊन तिचे वर्गमूळ साधारण २.२ ने गुणले की त्या अँटेनाचे क्षितिज सागरी मैलांत मिळते आणि दोन्ही टोकांच्या क्षितिजांची बेरीज म्हणजे एकूण टप्पा. चार मीटरवर अँटेना असलेल्या दोन लहान नौकांना एकमेकींचे साधारण नऊ मैलांपर्यंत ऐकू येते. तीच नौका शंभर मीटर उंचीवरच्या किनारा केंद्राला सुमारे २६ मैलांवरून गाठू शकते. यावरून अँटेना शक्य तितकी उंच का लावायची ते स्पष्ट व्हावे. उंचीबरोबर केबल लांबते, आणि केबल बारीक असेल तर मिळवलेले पुन्हा गमावले जाते. आरजी-५८ या बारीक केबलच्या सुमारे १५ मीटर लांबीत निम्मी शक्ती उष्णतेत जिरते, तर आरजी-२१३ या जाड केबलच्या तेवढ्याच लांबीत जवळपास तीन चतुर्थांश शक्ती अँटेनापर्यंत पोहोचते. जोडाच्या ठिकाणी खारे पाणी शिरले तर ही सगळी आकडेमोड फोल ठरते, म्हणून जोडावर स्वतःलाच चिकटणारी रबरी पट्टी गुंडाळावी. संचाच्या खोक्यात ती मिळत नाही.

पूर्ण शक्तीवर बोलताना संच १२ व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे पाच अँपिअर ओढतो. तारा बारीक किंवा जोड गंजलेले असतील तर एरवी उत्तम ऐकू येणारा रेडिओ बोलण्याची कळ दाबताच मान टाकतो. आमच्या संचात बॅटरीचे व्होल्टेज पडद्यावर दाखवण्याची सोय आहे आणि ती मला फार उपयोगी वाटली. बोलताना तो आकडा किती खाली उतरतो हे पाहिले की तारांची प्रकृती कळते. बॅटरी नौकेच्या तळाशी असेल तर पाणी भरू लागताच पहिला बळी तिचाच जातो, हेही जागा ठरवताना ध्यानात घ्यावे. आणि संच बसवताना स्पीकरच्या चुंबकामुळे होकायंत्र फिरू नये म्हणून पुस्तिकेत दिलेले अंतर पाळावे.

आता प्रत्यक्ष बटण. त्यावरच्या झाकणाला स्प्रिंग आहे. बोटाने वर धरून ठेवावे लागते, सोडले की बंद होते. उचलणे आणि दाबून धरणे अशा दोन वेगळ्या कृती लागत असल्यामुळे चुकून संदेश जाण्याची शक्यता कमी होते. बटण तीन सेकंद दाबून धरायचे असते. या काळात संच सेकंदागणिक एक टोला देतो, बटणामागचा दिवा लुकलुकतो आणि पडद्यावर तीन, दोन, एक असे आकडे उतरत जातात. आकडे संपण्याआधी बोट उचलले तर काहीही पाठवले जात नाही. जाड हातमोजे घालून बटण दाबता येते, मात्र झाकणाची कड बारीक असल्याने ती त्याच हातमोज्यात पकडणे कठीण जाते. थोडी जाड कड दिली असती तर हा दोष राहिला नसता.

नुसते बटण दाबले तर संकटाचा प्रकार सांगितलेला नाही असा संदेश जातो, आणि वेळ नसेल तेव्हा तेच योग्य आहे. काही सेकंद हाताशी असतील तर आधी मेनूतून प्रकार निवडता येतो: आग किंवा स्फोट, पाणी भरणे, टक्कर, तळ लागणे, कलंडण्याचा धोका, बुडणे, यंत्र बंद पडून वाहत जाणे, नौका सोडणे, चाचेगिरी, माणूस पाण्यात पडणे. आमच्या संचात एका वेळी तीनच पर्याय दिसतात आणि माणूस पाण्यात पडणे हा पर्याय यादीत अगदी खाली आहे. लहान नौकेवर ज्या संकटात एक-एक सेकंद मोलाचा असतो, त्याच्यासाठी इतका वेळ खटका फिरवायला लावणे मला पटत नाही. यादीचा क्रम बदलण्याची मुभा वापरणाऱ्याला द्यायला हवी.

संदेश गेल्यानंतर संच आपोआप चॅनल १६ या संकटाच्या आवाजी चॅनलवर आणि पूर्ण शक्तीवर येतो. दुसऱ्या बाजूने पोच येईपर्यंत तो साडेतीन ते साडेचार मिनिटांच्या अंतराने तोच संदेश पुन्हा पाठवत राहतो. हे अंतर मुद्दाम थोडे अनियमित ठेवलेले असते, जेणेकरून दोन नौकांचे संदेश प्रत्येक वेळी एकमेकांवर आदळू नयेत. पोच आली की गजर होतो, पडद्यावर पोच देणाऱ्याचा क्रमांक दिसतो आणि पुनरावृत्ती थांबते. पोच येईपर्यंत गप्प बसायचे नसते. चॅनल १६ वर लगेच आवाजी हाक द्यायची: तीन वेळा मेडे (संकटाच्या हाकेचा आंतरराष्ट्रीय शब्द), तीन वेळा नौकेचे नाव, कॉलसाइन (नौकेला मिळालेली रेडिओवरची ओळखसंज्ञा) आणि एमएमएसआय, मग पुन्हा एकदा मेडे व नाव, स्थान, काय झाले आहे, कोणती मदत हवी, एकूण माणसे किती, आणि नौकेचा रंग किंवा तराफा यांसारखी उपयोगी माहिती. जवळच्या नौकेवर डीएससी नसेल तर तिला अंकी संदेश कळणारच नाही, पण ही हाक कळेल. संचासोबत एक छापील कार्ड येते, त्यावर हा क्रम मोठ्या अक्षरांत आहे आणि नाव, कॉलसाइन, क्रमांक यांसाठी मोकळ्या जागा आहेत. ते भरून, प्लास्टिकमध्ये घालून, संचाच्या शेजारी लावावे. घाबरलेल्या माणसाला पाठांतर आठवत नाही, समोरचे वाचता मात्र येते; आणि रेडिओ हाताळणारा एरवीचा माणूसच पाण्यात पडला असेल तर ते कार्ड वाचून हाक देणारी व्यक्ती कदाचित पहिल्यांदाच मायक्रोफोन हातात घेत असेल.

लाल बटण दाबून यंत्रणा तपासायची नाही, कारण ते दाबले की टप्प्यातले किनारा केंद्र आणि नौका खरोखरच मदतीच्या तयारीला लागतात. तपासणीसाठी चाचणी कॉलचा वेगळा पर्याय असतो. ओळखीच्या नौकेचा किंवा चाचणी स्वीकारणाऱ्या किनारा केंद्राचा क्रमांक टाकून कॉल पाठवला की पलीकडून पोच येते आणि क्रमांक, चॅनल ७० वरचे प्रक्षेपण, अँटेना व रिसीव्हर हे सगळे एका फेरीत तपासले जाते. आमच्या संचात हा पर्याय सहज सापडतो आणि पोच आल्याची वेळ नोंदवहीत राहते. चाचणी केवळ धक्क्यावर करून थांबू नये, थोडे बाहेर जाऊनही करावी. शेजारच्या नौकेपर्यंत तर तुटक्या अँटेनातूनही संदेश पोहोचतो.

चुकून संकटसंदेश गेलाच, तर संच बंद करून गप्प बसणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे, कारण मग शोध सुरू होतो आणि शोधणाऱ्यांच्या लेखी संपर्क तुटलेली नौका बुडालेली असू शकते. पडद्यावरचा रद्द करण्याचा पर्याय निवडावा, त्यानंतर चॅनल १६ वर सर्व केंद्रांना उद्देशून आपले नाव, कॉलसाइन, क्रमांक आणि संदेशाची वेळ सांगून तो रद्द केल्याचे जाहीर करावे. आमचा संच रद्द केल्यानंतर ही घोषणा शब्दशः पडद्यावर दाखवतो, आणि ही सोय खरोखर उत्तम आहे. तसेच दुसऱ्या कोणाचा संकटसंदेश आला तर क्लास डी संचाने डीएससीने पोच द्यायची नसते. स्थान लिहून घ्यावे, चॅनल १६ वर कान द्यावा, आणि किनाऱ्याकडून उत्तर आले नाही तर आवाजाने पोच देऊन बातमी किनाऱ्यापर्यंत पोहोचवावी.

या संचाकडून जास्तीची अपेक्षा मात्र ठेवू नये. किनारा केंद्राच्या व्हीएचएफ टप्प्याबाहेर जाणाऱ्या नौकेला ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाशी बोलणारा ईपर्ब, म्हणजे संकटसूचक प्रक्षेपक, लागतोच, आणि नौका सोडावी लागली तर भिंतीला स्क्रूने बसवलेला रेडिओ सोबत येत नाही. त्यासाठी डीएससी व जीपीएस असलेला हातातला क्लास एच संच जवळ असावा. किनाऱ्याच्या आसपास वावरणाऱ्या, फायबर किंवा लाकडाच्या नौकेसाठी हा संच मी निःसंकोचपणे सुचवतो. पोलादी केबिनवाल्यांनी बाहेरच्या जीपीएसचा खर्च धरूनच तुलना करावी. मोबाइल फोन आहे म्हणून रेडिओ नको असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगतो की फोन एकाच माणसाला लागतो, आणि तुमच्यापासून दोन मैलांवर असलेल्या नौकेला तुमचा फोन क्रमांक माहीत नसतो.

कंपनीने पुढच्या मॉडेलमध्ये एक गोष्ट अवश्य करावी. संच सुरू होताच क्रमांक, स्थान आणि व्होल्टेज ही तीन अंगे तपासून, त्यांतले एकही अपुरे असेल तर संकटसंदेशासाठी संच तयार नाही असे मोठ्या अक्षरांत लिहावे, आणि कोणतेही बटण दाबून ती ओळ घालवता येऊ नये.